अमेरिकेत एमएसच्या पहिल्या सत्रात जीपीए (4 पैकी सरासरी गुण) 2.67 आला, तिन्ही विषयांत बी मायनस. प्रोबेशनचं पत्र मिळालंय. आता काय करू?

प्रोबेशन म्हणजे काढून टाकणं नव्हे, सुधारायला दिलेली मुदत आहे. बहुतेक विद्यापीठांत एमएसला 3.0 लागतो. पुढच्या सत्रात तेवढ्याच क्रेडिटच्या (म्हणजे तेवढ्याच वजनाच्या) तीन विषयांत बी प्लस मिळाला, की एकूण बरोबर 3.0 होतो. डोंगर वाटतो तेवढा उंच नाही.

आजच ॲडव्हायझरची वेळ घे. आपली मुलं इथेच चुकतात, लाजेपोटी महिनाभर तोंड लपवतात. ॲडव्हायझरना खरं सांग: झोप, कामाचे तास, घरची काळजी, जे असेल ते. कुठले विषय एकत्र घेऊ नयेत हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

एक मात्र जप. एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असशील तर विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचार. परवानगीशिवाय क्रेडिट पूर्णवेळच्या खाली गेले, तर एफ-1 दर्जाच धोक्यात येतो. निलंबन झालंच तर अपिलाची तारीख पत्रात आधी बघ. अर्जात काय बिघडलं ते कागदपत्रांसह लिही, आणि त्याहून जास्त, आता काय बदललंय ते लिही.

आणि आईबाबांना आज रात्रीच फोन कर.