वाचकांचे प्रश्न : शर्यतीच्या लाकडी मोटारबोटी

प्रश्न : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शर्यतीच्या मोटारबोटींच्या छायाचित्रांत नाळ (बोटीचे पुढचे टोक) पाण्याबाहेर उचललेली दिसते. या बोटी लाकडी होत्या, असे वाचनात आले. लाकडाला एवढा वेग कसा सोसत असे? धातूचा पत्रा का वापरला नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पत्राही वापरला गेला होता. 1903 साली आयर्लंडमध्ये कॉर्क बंदरात मोटारबोटींच्या आंतरराष्ट्रीय हार्म्सवर्थ चषकाची पहिली शर्यत जिंकणारी ‘नेपियर’ पोलादीच होती. मात्र तिचा वेग ताशी सुमारे 31 किलोमीटर होता. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, आणि इंजिनाची वाढीव ताकद बरीचशी ती लाट मोठी करण्यातच खर्ची पडते. यावर उपाय एकच, तो म्हणजे बोटीने पाण्यावरून घसरत जाणे. त्यासाठी तळ बराचसा सपाट ठेवून त्याला आडव्या पायऱ्या देत. पायरीमागे हवा शिरली की तळाचा थोडाच भाग ओला राहतो आणि घर्षण घटते. अशी बोट वजनाला हलकी हवी, आणि हलकेपणासाठी पोलादी पत्रा पातळ करावा तर लाटांच्या माऱ्याने त्याला पोचे येतात.

इंग्लंडमधील बोटी बांधणारे सॅम सॉन्डर्स यांनी महोगनीच्या पातळ थरांमध्ये जलरोधक केलेले सुती कापड घालून ते सगळे तांब्याच्या तारेने चक्क शिवून काढण्याची पद्धत रूढ केली. काउझ येथील त्यांच्या कारखान्यातील ‘मेपल लीफ 4’ या बोटीने टॉम सॉपविथ यांच्या हाताखाली 1912 आणि 1913 साली हार्म्सवर्थ चषक पटकावला. हेच सॉपविथ पुढे विमानांचे कारखानदार म्हणून गाजले. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने बोटींत आली. अमेरिकेचे गार वुड यांनी चार पॅकार्ड इंजिनांच्या ‘मिस अमेरिका 10’मधून 1932 साली ताशी 200 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. या विक्रमांचे श्रेय सहसा इंजिनांना दिले जाते. आमच्या मते तळ घडवणाऱ्या सुतारांचा वाटा त्याहून कमी नाही.

लाकडाने पाण्याचा मारा सोसला, पण टणक वस्तूचा घाव त्याला सोसत नसे. 13 जून 1930 रोजी इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरात ब्रिटिश शर्यतपटू हेन्री सीग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड 2’मधून ताशी सुमारे 159 किलोमीटरचा विक्रम केला आणि त्याच दिवशी पुढच्या फेरीत बोट उलटून त्यांचा अंत झाला. तरंगते लाकूड तळावर आदळले असावे, असे मानले जाते.