सर सोमवारी एक सांगतात, बुधवारी दुसरंच

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहात, ऑटिझमचं निदान मोठेपणी झालं, ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. काम चोख येतं. पण वरचे सीनियर एकाच कामाबद्दल दर दोन दिवसांनी वेगळं सांगतात आणि 'मी असं कधी म्हणालो?' म्हणतात. तुम्ही नियम पक्का करता, तेवढ्यात नियमच बदलतो, आणि बोलणी तुम्हालाच बसतात.

सरांना सुधारायच्या मागे लागू नका. त्यांच्या वागण्यातला बदल तुम्हाला लवकर दिसावा आणि त्याचा भुर्दंड तुमच्या नावावर पडू नये, एवढंच आपल्या हातात आहे. त्यासाठी आधी ही विसंगती कुठल्या जातीची आहे ते ओळखायला हवं. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

अकाउंट्समधली बरीचशी विसंगती ही मुळात तारखांची असते. ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी तयार (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, हिच्याशी आपली खरेदी जुळवायची), २० ला ३बी (महिन्याच्या जीएसटीचं रिटर्न). ८ तारखेला 'खरेदीची जुळवणी सोड, सेल्सचं बघ' म्हणणारा माणूस १५ ला 'जुळवणी अजून झाली नाही?' असं ओरडतो, तेव्हा त्याच्या लेखी त्याने काहीच बदललेलं नसतं. तारीख बदललेली असते. 'हे आधी कर' याचा त्याच्या मनातला अर्थ 'आज हे आधी कर' असतो, आणि तुम्ही तो कायमचा नियम म्हणून घेता. यावर उपाय सोपा आहे. या चार तारखा टेबलावर डोळ्यांसमोर लावा आणि प्रत्येक 'आधी'समोर तो कुठल्या तारखेसाठी आहे ते लिहा. दोन महिन्यांत सरांचं पुढचं वाक्य आधीच ओळखता येऊ लागतं.

दुसरी जात न सांगितलेल्या अटीची. 'पार्टीला थेट फोन करायचा नाही' (पार्टी म्हणजे व्यवहारातला ग्राहक किंवा पुरवठादार) असं एकदा सांगितलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात 'साधा फोन नाही करता आला?' हे ऐकावं लागतं. दोन्ही वाक्यं खरी असतात; मधली अट गाळलेली असते. मोठ्या पार्टीला फोन सरच करणार, किरकोळ बिलासाठी तुम्ही करायचा. बाकीचे लोक ही अट अंदाजाने पकडतात, चुकतात आणि हसून निभावून नेतात. तुम्ही अंदाज करत नाही, म्हणून पकडल्या जाता. अशा वेळी 'यातलं खरं कुठलं?' असं विचारू नका, समोरच्याला ती उलटतपासणी वाटते. सीमा विचारा: 'किती रकमेपर्यंत मी फोन करू, कितीच्या वर तुमच्याकडे आणू?' आकड्याचा प्रश्न अकाउंटंट माणसाला झोंबत नाही.

तिसरी जात निव्वळ विसराळूपणाची. चौथी वाईट: एकटे असताना 'चालेल' आणि मॅनेजरसमोर 'हिला मी सांगितलं होतं तरी...'. चौथीत गैरसमज नसतो, स्वतःची कातडी वाचवणं असतं, त्यामुळे तिथे स्पष्ट बोलण्याने काही साधत नाही. फक्त नोंद उपयोगी पडते.

जात ओळखायला दोन आठवडे वही ठेवा. तारीख, वेळ, सरांचे नेमके शब्द, तिथे कोण होतं, तुम्ही काय केलं, नंतर काय ऐकावं लागलं. 'चिडले' असं लिहू नका, 'आवाज चढला, फाइल टेबलावर आपटली' असं लिहा. कंपनीचे आकडे वहीत उतरवू नका आणि ऑफिसचे मेल स्वतःच्या खात्यावर पाठवू नका. बऱ्याच कंपन्यांत तेवढ्यावरच कारवाई होते आणि मूळ तक्रार बाजूला राहते. शिवाय शेजारच्या सहकाऱ्याला सहज विचारा, 'सर असं म्हणतात तेव्हा तुम्ही काय करता?' सगळ्यांशीच तसे वागत असतील तर तो स्वभाव. फक्त तुमच्याशीच असेल तर प्रकरण वेगळं.

आता रोजचं हत्यार. तोंडी सूचना मिळाली की दहा मिनिटांच्या आत, त्यांना एकट्यालाच, तीन ओळी:

'सर, आत्ता बोललो त्याप्रमाणे आधी २बीची जुळवणी घेते. ५,००० च्या आतल्या फरकांचे पार्टीला मेल लिहून ठेवते, तुम्ही हो म्हटल्यावर पाठवते; वरचे तुमच्याकडे. बदल असेल तर ३ वाजेपर्यंत सांगा, नाहीतर याप्रमाणे सुरू करते.'

हे फसतं ते बहुतेक लांबीमुळे. आठ ओळी लिहिल्या की सर पहिल्या दोन वाचतात आणि तिसऱ्या ओळीवरून भांडण होतं. दुसरं, मेसेज ग्रुपवर टाकला की तो पुरावा गोळा केल्यासारखा वाटतो. तिसरं, सूचना बदलल्यावर जुन्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवायचा मोह. तो आवरा. तुमचं बरोबर ठरतं आणि माणूस कायमचा दुखावतो. त्याऐवजी झालेल्या कामाचं काय करायचं ते विचारा: 'ठीक, आता पार्टीनुसार करते. बिलानुसार ४० नोंदी झाल्यात, त्या तशाच ठेवू की बदलू?' जुनी सूचना कुठली होती ते यात आपोआप नोंदलं जातं, आरोप न करता. उत्तरादाखल नुसता अंगठा आला तरी पुरे.

मात्र 'उत्तर नाही आलं तर सुरू करते' हे फक्त मागे घेता येणाऱ्या कामालाच लावा. ३बी एकदा भरलं की त्यात दुरुस्ती करता येत नाही, फरक पुढच्या महिन्यांत फिरवावा लागतो. जीएसटीआर-१ मधली चूक त्याच महिन्याचं ३बी भरण्याआधी १ए या दुरुस्तीच्या फॉर्मने सुधारता येते, नंतर ती पुढच्या जीएसटीआर-१ मध्येच दुरुस्त करावी लागते. तेव्हा रिटर्न भरणं, पेमेंट सोडणं आणि पार्टीला मेल जाणं या तिन्हींना स्पष्ट 'हो' लागतंच. 'हो' नाही तर काम थांबलेलं, आणि थांबलंय हेही एका ओळीत कळवलेलं.

एंट्रीच्या बाबतीत आणखी सावध राहा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेलं, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. टॅलीत ते एडिट लॉग म्हणून दिसतं. सर जाता जाता 'ती तारीख बदलून टाक' म्हणतात, पण लॉगमध्ये नाव तुमच्या लॉगिनचं उमटतं. नॅरेशनमध्ये (एंट्रीखालच्या टिपेत) कारण लिहा, आणि कारण लिहिता येत नसेल तर बदल करू नका. स्वतःचं लॉगिन कुणालाही देऊ नका, सरांनाही नाही.

मोघम वाक्यांची स्वतःची यादी करा. 'बघून घे' म्हणजे तपास की तूच ठरव? 'जमलं तर कर' हे वरच्या माणसाकडून आलं की बहुतेक वेळा 'करच' असतं. 'लगेच' म्हणजे दहा मिनिटं की आज संध्याकाळपर्यंत? प्रत्येक माणसाची यादी निराळी. या सरांची वहीतून निघेल.

सगळ्यांसमोर आवाज चढला आणि डोकं बंद पडलं तर त्या क्षणी समजावून सांगायचा प्रयत्न करू नका. एक वाक्य पाठ करून ठेवा: 'ऐकलं सर, तपासून पंधरा मिनिटांत लिहून कळवते.' 'सॉरी' पटकन तोंडातून निघतं, पण ते कबुली म्हणून धरलं जातं. नजर मिळवणं जड जात असेल तर वहीत लिहायला घ्या. लिहिणाऱ्याला कुणी 'इकडे बघ' म्हणत नाही. नंतर जिन्यात किंवा पाण्याच्या कूलरपाशी पाच मिनिटं काढा. ती चोरी नव्हे.

निदान सांगावं का? लेखी सूचना मागायला निदानाची गरजच नाही. 'लिहून मिळालं की माझ्या चुका कमी होतात' एवढं पुरतं, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. सांगायचंच ठरलं तर आधी एचआरला, लेखी, सरांना नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कलम २१ नुसार समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सोयींचा तपशील लागतो. ते धोरण आधी मागून वाचा. पण वाजवी सोयी देण्याची थेट सक्ती कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांवर आहे, तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूदही (कलम २३) त्यांच्यासाठीच. खासगीत कायद्याचा आधार सैल आहे, हे धरूनच चाला. वरची दाद दिव्यांग आयुक्तांकडे, ते कार्यालय पुण्यातच आहे.

एचआरकडे जाताना वही नेऊ नका, तीन प्रसंग न्या. 'सर बेभरवशाचे आहेत' हे मत झालं. 'जुळवणीची पद्धत एका महिन्यात तीनदा बदलली, त्यापायी इतके तास पुन्हा काम झालं' ही माहिती झाली. आणि मागणी एकच ठेवा: पद्धत बदलली तर ती मेलवर यावी. पाच मागण्या नेल्या की त्यातली सोपी दिली जाते आणि फाइल बंद होते.

यानंतरही सर लिहून द्यायला नकार देत असतील आणि तोंडी खोटी एंट्री करायला सांगत असतील, तर तो विसंगतीचा प्रश्न उरत नाही. खोट्या एंट्रीला त्याच दिवशी लेखी नकार द्या आणि मॅनेजरला कळवा, त्याला थांबू नका. विभागातल्या विभागात बदली मागा, देणी, पगारपत्रक किंवा स्टोअरच्या हिशेबाला. एवढी घाई नसेल तर वेळ मात्र बघून मागा: एप्रिल ते सप्टेंबर ऑडिट आणि वार्षिक सभेच्या धावपळीत कुणी माणूस सोडत नाही. दिवाळीच्या आसपास अर्ज टाकला तर विचार होण्याची शक्यता जास्त.