पाच रूट कॅनल सांगितले, दुसरे डॉक्टर म्हणतात एक फिलिंग पुरे

तुमची हकीकत थोडक्यात अशी. एक दाढ दुखत होती म्हणून गेलात. डॉक्टरांनी पाच दाढांना रूट कॅनल आणि कॅप सांगितली, पाचांचे पैसे आगाऊ घेतले. दोन झाल्यावर शंका आली, दुसरीकडे दाखवलं. त्या डॉक्टरांच्या मते उरलेल्या तिनांपैकी एकीला साधं फिलिंग पुरे, बाकी दोन दाढांवर नुसते डाग आहेत. पहिले डॉक्टर पैसे परत द्यायला तयार नाहीत आणि तुम्हाला पोलिसात फसवणुकीची तक्रार करायची आहे.

पोलिसांचं तूर्त डोक्यातून काढा. फसवणुकीत पहिल्यापासून खोटं बोलण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. दोन डॉक्टरांचं मत जुळलं नाही, एवढ्यावर तो सिद्ध होत नाही. मतभेद म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली स्पष्ट केलंय. आणि दातांच्या बाबतीत मतभेद खरोखरच होतात. वरच्या कवचापुरती कीड असेल तर एक डॉक्टर फ्लोराइड लावून वाट बघतो, दुसरा लगेच कोरून भरतो. दोघंही प्रामाणिक असू शकतात.

पण रूट कॅनलचं तसं नाही. ते करायचं तर कीड किंवा संसर्ग आतल्या नसेपर्यंत पोचल्याचं काही ना काही लक्षण हवं: एक्स-रेमध्ये नसेला भिडलेली काळी छटा, मुळाच्या टोकाशी डाग, थंड लावल्यावर बराच वेळ न थांबणारी कळ, किंवा उलट काहीच न जाणवणं. दुखत नाही म्हणजे दाढ चांगली, असं मात्र समजू नका. नस मेलेली दाढ गप्प असते. तुम्ही पाठवलेल्या कागदावर 36, 37, 46, 47 आणि 16 असे दाढांचे क्रमांक आहेत, प्रत्येकापुढे ‘आरसीटी + कॅप’ (आरसीटी म्हणजे रूट कॅनल) आणि खाली बेरीज. कारण एकाही दाढेपुढे नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या बाजूचा सगळ्यात बोलका कागद हाच.

तुमची खरी वाट ग्राहक आयोगाची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेलं आहे. (आम्ही वकील मात्र 2024 च्या निकालाने त्यातून सुटलो, त्यावर तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.) 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम 2(47) तर जणू तुमच्यासाठीच लिहिलंय: एखाद्या सेवेच्या गरजेबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

न झालेल्या तीन दाढांचे पैसे मागणं सोपं आहे. काम झालेलं नाही, तुम्हाला ते नको आहे. ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ अशी ओळ पावतीवर छापली म्हणून न केलेल्या कामाची पूर्ण रक्कम ठेवून घेता येत नाही. या भागात तुमची बाजू भक्कम आहे.

झालेल्या दोन दाढांचं अवघड. कोरलेली दाढ पुन्हा तपासता येत नाही, त्यामुळे ती आधी कशी होती हे उपचारापूर्वीचा एक्स-रेच सांगेल. तो पहिल्या डॉक्टरांकडे आहे. म्हणून आजच लेखी अर्ज देऊन सगळ्या एक्स-रेंच्या प्रती, केसपेपर आणि संमतिपत्र मागा, पोच घ्या. एक्स-रे काढलाच नव्हता असं उत्तर आलं, तर तेही लेखी मिळवा. ते तुमच्याच उपयोगाचं आहे.

संमतिपत्राचं वेगळं सांगतो. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उपचार काय, का, त्याला पर्याय काय, धोके काय आणि न केल्यास काय होईल, हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. खुर्चीत आडवं झाल्यावर, गळ्यात तो निळा कागद बांधलेला असताना न वाचता सही घेतली, असं तुम्ही लिहिता. पर्याय म्हणून फिलिंगचा उच्चारही झाला नसेल, तर झालेल्या दाढांबद्दलही तुमच्या हातात मुद्दा आहे. तो एकटा पुरेल असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या तोंडी मतावर विसंबू नका. तुमचे दात त्यांच्याकडे आले तर त्यांचाही फायदाच आहे. शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. आधीचा कागद सुरुवातीला दाखवू नका, कोणत्या दाढेला काय हवं ते दाढेच्या क्रमांकानिशी लिहून घ्या. मग पहिल्या डॉक्टरांना नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा: डॉक्टरांना दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. नीतिनियमांच्या भंगाची तक्रार राज्य दंत परिषदेकडे वेगळी करता येते, पण पैसे तिथून मिळत नाहीत.

तोवर इंटरनेटवर ‘लुटारू’ वगैरे लिहू नका. नाहीतर बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल. आणि ज्या दाढेला फिलिंग लागणार असं ठरेल ते प्रकरणासाठी अडवून ठेवू नका, करून घ्या. फक्त भरण्याआधीचा एक्स-रे स्वतःच्या ताब्यात घ्या.