गोव्यातल्या ताळगावच्या लॅबमधून प्रश्न आहे: मार्चमध्ये ६०० व्होल्ट सोसणारा, कण टिपणारा सिलिकॉन सेन्सर जुलैत ३०० व्होल्टलाच ब्रेकडाऊन होतो, म्हणजे त्यातला करंट एकदम उसळतो. सेन्सर गेला का?

बहुधा गेलेला नाही. लॅब ताळगावची आणि सेन्सर एन-इन-पी स्ट्रिप (पी-प्रकारच्या सिलिकॉनवर एन-प्रकारच्या बारीक पट्ट्या) म्हणता, म्हणजे आधी संशय ओलीवर घ्या.

मागच्या बाजूचा व्होल्टेज कापलेल्या कडेवरून वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो. कडा आणि पट्ट्यांभोवतीची बायस रिंग यांच्यातल्या थोड्याशा जागेत, तिच्याबाहेरच्या गार्ड रिंगच्या (संरक्षक कड्याच्या) आसपास, तो सगळा उतरावा लागतो. ऑक्साइडवर पाण्याचा न दिसणारा थर बसला की त्यावरून विद्युतभार सरकतात, विद्युतक्षेत्र एकाच जागी एकवटतं आणि तिथे ब्रेकडाऊन होतो. डब्यातलं मीठ पाझरायला लागतं त्या दिवसांत हे सहज होतं. सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातल्या अॅटलस प्रयोगाच्या नव्या स्ट्रिप सेन्सरांतही आर्द्रतेचा हा त्रास दिसला आहे.

एसी पुरत नाही. खोली गार झाली तरी आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर राहते. प्रोब स्टेशनच्या (सेन्सरवर सुया टेकवून मोजायच्या यंत्राच्या) काळोख्या पेटीत कोरडा नायट्रोजन सोडा, आर्द्रता १० टक्क्यांखाली आणा आणि सेन्सर रात्रभर तिथेच राहू द्या. खोलीत हवा खेळती हवी, नायट्रोजन कोंडला तर जीव गुदमरतो. मग करंटची मर्यादा १० मायक्रोअँपिअर ठेवून ५-५ व्होल्टने चढा, प्रत्येक पायरीवर काही सेकंद थांबा. चकवर (सेन्सर ठेवायच्या धातूच्या तबकडीवर) उणे शेकडो व्होल्ट असतात, म्हणून पेटी उघडताच पुरवठा बंद करणारा इंटरलॉक हवाच. ब्रेकडाऊन पुन्हा वर सरकला तर दोष ओलीचाच. सुकवूनही ३०० वरच अडला तर कडेवरचा ओरखडा किंवा बोटाचा ठसा मायक्रोस्कोपखाली शोधा. ओल्या सेन्सरला मात्र ब्रेकडाऊनमध्ये रेटत ठेवू नका, तेव्हा खरंच इजा होते.

मार्चच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी तापमान सारखं करा. २८ अंशांवरचा लीकेज करंट (सेन्सरमधून पाझरणारा करंट) २० अंशांवरच्या जवळपास दुप्पट असतो, आणि पुष्कळ जण नेमकं हेच विसरतात.

किरणोत्सर्ग खाल्लेला सेन्सर उणे २० अंशांवर मोजायचा असेल तर फार जपा. पेटीतला दवबिंदू त्याहूनही खाली हवा, म्हणजे २० अंशांच्या हवेत आर्द्रता ४ टक्क्यांच्या आत. चक पुरता तापल्याशिवाय दार उघडू नका, नाहीतर गोव्याची हवा त्यावर क्षणात पाणी धरते.

पुढच्या कोलायडरांत (कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांत) किरणोत्सर्गाचा मारा सोसलेल्या सेन्सरांना पूर्ण डिप्लिशनसाठी, म्हणजे सगळी जाडी कण टिपायला तयार होण्यासाठी, शेकडो व्होल्ट लागतील, त्यामुळे कोरड्या हवेत मोजलेला ब्रेकडाऊनचा आकडा हाच खरा धरा आणि नोंदवहीत करंट-व्होल्टेजच्या प्रत्येक वक्रापुढे तापमान-आर्द्रता लिहा.