कुर्लीचे दहा पाय एका कागदात

प्रश्न : चवथीच्या आराशीत कागदाची कुर्ली ठेवायची आहे. चौकोनी कागद एकच, कात्री लावायची नाही. पण पक्ष्याच्या बेसला (पक्षी करताना आधी घालतात त्या ठरावीक घडीला) टोकं निघतात चारच. ओरिगामीवाले जास्तीच्या टोकांच्या घड्या ठरवतात तरी कशा?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : घड्यांचा विचार नंतर. आधी कुर्लीचं काड्यांचं चित्र काढा : मधे अंग, आठ पाय, दोन नांग्या. प्रत्येक काडीची लांबी ठरवा. काडीचं टोक म्हणजे कागदावरचा एक बिंदू. त्याभोवती काडीच्या लांबीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. तेवढा कागद त्या पायाच्या मालकीचा. वर्तुळं एकमेकांवर चढता कामा नयेत, आणि दोन पायांमध्ये अंगाचा तुकडा येत असेल तर तेवढी जागा आणखी सोडायची. मध्यबिंदू कागदावर हवा, वर्तुळ बाहेर गेलं तरी बिघडत नाही. म्हणून कोपऱ्यातलं टोक पाव वर्तुळात भागतं, काठावरचं अर्ध्यात, आतल्याला पूर्ण लागतं. लांब नांग्या कोपऱ्यांत टाकाव्यात त्या यासाठीच.

आता ४० सेंमीचा कागद घ्या. चार टोकं कोपऱ्यांत ठेवली तर प्रत्येक २० सेंमीचं. सारख्या लांबीची नऊ केली तर १०. दहावं घातलं की जेमतेम ८.४, आणि यात अंग अजून धरलेलंच नाही! अमेरिकेतल्या रॉबर्ट लँग यांचं ‘ट्रीमेकर’ सॉफ्टवेअर ही मांडणी करून देतं. हातानं करायचं तर कागद दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा निम्मा करून ३२ × ३२ घरं पाडा आणि वर्तुळांच्या जागी चौकोन बसवा. कागद जास्त खर्ची पडतो, पण घड्या सरळ नाहीतर ४५ अंशांत येतात. याहून बारीक घरांच्या नादी सुरुवातीला लागू नये.

मग घड्या जिथे मिळतात तो प्रत्येक आतला बिंदू तपासा. डोंगरघड्या (वर उंचावणाऱ्या) आणि दरीघड्या (आत खोल जाणाऱ्या) यांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक हवा, आणि एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंश. एखादी रेघ राहून गेली की तिथला कागद सपाट बसत नाही, फुगून उभा राहतो. सगळे बिंदू जमले तरी थर एकमेकांत अडकू शकतात. ते कागदावर दिसत नाही, घडी घालूनच कळतं.

प्रश्न : पावसात घड्या उलगडतात. उपाय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दमट हवेत कागदाचे तंतू फुगतात आणि घडी ढिली पडते. ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन्ही बाजूंना टिश्यू पेपर चिकटवून घ्या, धातू आकार धरून ठेवतो. मात्र फॉइलवर चुकीची घडी पडली की तिची रेघ जात नाही, तेव्हा पहिली कुर्ली साध्या कागदाचीच करा.