ब्रेदरन ‘चर्च’ की ब्रेदरन ‘मंडळी’?

ब्रेदरन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या एखाद्या छोट्या समुदायाचा इतिहास मराठीत लिहिताना ‘चर्च’ म्हणावे की ‘मंडळी’, आणि ‘मंडळी’चे अनेकवचन काय, असे विचारले आहे. माझ्या मते समुदायासाठी ‘मंडळी’ आणि वास्तूसाठी ‘प्रार्थनागृह’ लिहावे. कारण ‘चर्च’ म्हटले की मराठी वाचकापुढे आधी इमारत उभी राहते, आणि ब्रेदरनांच्या इतिहासात ती बरीच उशिरा येऊ शकते.

पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनचे उदाहरण घ्यावे. जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे १७०८ साली आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन हा पंथ सुरू केला. त्याचे काही अनुयायी १७१९ मध्ये पीटर बेकर यांच्याबरोबर अमेरिकेत आले. पण २५ डिसेंबर १७२३ रोजी विसाहिकन ओढ्यात सहा जणांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच संध्याकाळी एका घरी एकमेकांचे पाय धुऊन प्रीतिभोजन (एकत्र जेवणाचा धार्मिक विधी) झाले, तेव्हा तिथली मंडळी स्थापन झाली असे मानतात. तिचे दगडी प्रार्थनागृह मात्र १७७० चे आहे. ‘जर्मनटाउनचे चर्च १७२३ मध्ये स्थापन झाले’ हे वाक्य चुकीचे नसले, तरी ते वाचणारा त्या दगडी वास्तूलाच सत्तेचाळीस वर्षांनी अधिक जुनी करून टाकील. शिवाय ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ हे पंथनाम १९०८ पासूनचे असल्याने अठराव्या शतकाच्या हकिकतीत ते घालू नये.

‘मंडळी’ला हा अर्थ मराठी बायबलने दिला असला, तरी तो आपल्याला परका नाही, किर्लोस्कर नाटक मंडळी जशी गावोगाव फिरूनही एकच संस्था होती, तशीच ही घरोघर जमणारी मंडळी. म्हणून क्रियापद एकवचनी स्त्रीलिंगी ठेवावे (‘मंडळी स्थापन झाली’) आणि अनेक ठिकाणच्या समुदायांना, बायबलातील ‘सात मंडळ्यां’प्रमाणे, ‘मंडळ्या’ म्हणावे.

मंडळीने निवडलेल्या पुढाऱ्याला ‘वडील’ म्हणतात. मात्र नुसते ‘वडील’ लिहिल्यास बापाचा समज होतो (चरित्रात तर हमखास), तेव्हा ‘मंडळीचे वडील’ असे पूर्ण लिहावे. ‘ब्रेदरन’ हे नावही एकाच पंथाचे नाही: डब्लिन आणि प्लिमथकडे एकोणिसाव्या शतकात उदयाला आलेले ब्रेदरन निराळे. डहाणूला ज्यांच्या मिशनने काम केले, ते श्वार्झेनाऊच्या परंपरेतले. आपली मंडळी कोणत्या शाखेची, हे इतिहासाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे.