आधी ती बरोबरची चिन्हं खोड

बेटा,

काल नागपुरात बर्डीवर चहा पिताना तू इंग्रजी शब्दांची वही पुढे सरकवलीस. ‘टायडी (tidy) = नीटनेटका. नीट (neat) = नीटनेटका.’ आणि वैतागून विचारलंस, ‘‘सर, अर्थ एकच, तर शब्द दोन काहून?’’ मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र वाईट वाटलं, कारण असली वही मीही बाळगली होती.

आधी ती बरोबरची चिन्हं खोड. शब्द एकटा पाठ करायचा नाही, तो कोणासोबत राहतो ते बघायचं. टायडी राहतो खोली, टेबल, कपाट यांच्यासोबत. म्हणजे वस्तू जिथल्या तिथे. टेबल टायडी असून त्यावर बोटभर धूळ असू शकते, तेव्हा ते क्लीन नसतं. पसारा आवरायची सवय असलेला माणूसही टायडी. नीट अक्षराला शोभतो, आणि पाणी-बर्फ न घातलेली व्हिस्कीसुद्धा नीटच! तो आपल्या ‘नीट’सारखा वाजतो, तिथेच तू फसतेस. त्याचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ चकाकणारा.

टायडीचं मूळ तर तुला घरचंच वाटेल. टाइड (tide) म्हणजे पूर्वी वेळ. टायडी म्हणजे वेळेवर, हंगामात आलेलं. तुमच्या काटोलच्या संत्र्याच्या बागेतला मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेला बहार, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळेवर उतरला, तर जुना इंग्रज त्याला टायडी म्हणाला असता. वेळेवरचं ते चांगलं, भरलेलं. नीटनेटकेपणा मागाहून चिकटला.

हे मला तिशीत कोणी सांगितलं नाही. एका इंग्रजी अहवालाचा अनुवाद करताना ‘अ टायडी सम’ (a tidy sum) आलं आणि मी बिनधास्त लिहिलं, ‘नीटनेटकी रक्कम’. तसंच छापून आलं. अर्थ होता चांगली घसघशीत रक्कम. आता माझ्या शब्दकोशात टायडीचा पहिला अर्थ ‘नीटनेटका’च होता, मजकूर रात्रीतून हवा होता, आणि तपासणाऱ्यांनी तरी काय पाहिलं? असो. चूक माझीच. सम, म्हणजे रक्कम, हा टायडीचा सोबती मी पाहिलाच नाही. सोबती बघ म्हणतो ते यासाठी, किती वेळा सांगू!

सोमवारी वही आण. प्रत्येक शब्दापुढे पूर्ण वाक्य हवं, तुझ्या घरातलं, तुझ्या बागेतलं. टायडीसाठी माझ्या टेबलाचं उदाहरण मात्र घेऊ नकोस. तू पाहिलंयस ते.

तुझा,
सर